जपानी आवृत्तीतलं जास्तीचं गाणं

जपानमध्ये, त्सुकुबातल्या संशोधकांच्या क्वार्टर्समध्ये मेधाच्या बरोबर खालच्या मजल्यावर कॉलिन पेनरोझ नावाचा एक ब्रिटिश माणूस राहायचा, आणि तो दिवसभर काहीही करत नाही असं मेधाचं पहिलं वर्षभर ठाम मत होतं. त्याची बायको हिलरी भूकंपाच्या संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होती. ती सकाळी सायकलवर टांग मारून निघून जायची आणि हा बाबा बाल्कनीच्या बाहेर काठीला बांधलेला मायक्रोफोन धरून बसायचा. कशासाठी, तर कचऱ्याच्या गाडीवर वाजणारी धून रेकॉर्ड करायला. बायकोच्या व्हिसावर आलेल्या माणसाचं डोकं असं फिरत असावं, असं मेधाला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की आपणही नवऱ्याच्याच व्हिसावर आलोय, आणि तिनं ते मत जरा मवाळ केलं.

पुढे कळलं की हा माणूस प्रसिद्ध आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, ‘वेट टॉवेल’ या नावानं. ओला टॉवेल! आईबापांनी धड नाव ठेवलेलं असताना माणसानं स्वतःला ओला टॉवेल म्हणवून घ्यावं, हे मेधाच्या सांगलीच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्याचा पहिला अल्बम त्यानं घरातली किटली, फ्रिज आणि गळका नळ यांच्या आवाजांवर केला होता आणि तो ऐकून म्हणे लंडनचे समीक्षक रडले होते. सांगलीत गळक्या नळानं रडणारी माणसं मेधानं पुष्कळ पाहिली होती, पण त्यांचं कोणी छापून आणलं नव्हतं.

अडचण दुसऱ्या अल्बमची होती. पहिला लाडू गोल गरगरीत वळला गेला की दुसऱ्याच्या वेळी अख्खं घर हातांकडे बघत बसतं, तसं त्याचं झालं होतं. तीन वर्षं झाली, अल्बम काही पुरा होईना. हिलरीची बदली जपानला झाली तसा तो इथे आला आणि कचऱ्यात रमला. त्सुकुबात कचरा टाकणं हे काम नसून शिक्षण आहे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्यांचा वार वेगळा, आणि चुकलात तर पिशवीवर लाल स्टिकर लागून ती परत तुमच्याकडे बघत बसते. कॉलिनच्या पिशव्या आठवड्यातून दोनदा नापास व्हायच्या. शेवटी मेधानंच एकदा त्याला कचरा ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्यासमोर उभं करून सगळं शिकवलं, आणि तिथून त्यांची ओळख झाली. दुसऱ्या अल्बमचं नावही त्यानं ‘गोमी’ ठेवलं. गोमी म्हणजे जपानीत कचरा.

त्याच पिंजऱ्यासमोर एका सकाळी कॉलिननं तिला विचारलं की तुझा आवाज खाली माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येतो, फार सुंदर येतो, तर तो मी अल्बममध्ये वापरला तर चालेल का. मेधा कपडे वाळत घालताना गुणगुणायची. लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तिसरीच्या वेळी लग्न ठरलं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खुशाल वापर म्हणाली. कुठला आवाज, कधीचा, हे विचारायचं तिला सुचलं नाही. कौतुक करणाऱ्याला कोण उलटतपासणी करतं?

संध्याकाळपर्यंत ही बातमी तिनं स्वरूपाला सांगितली. स्वरूपा टोकियोत निशी-कसाईला राहायची, मेधाची जपानमधली सगळ्यात जवळची मैत्रीण आणि मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव. रात्रीपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपली मेधा ब्रिटिश अल्बममध्ये गायली’ असं झळकलं, आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष सदानंदकाकांनी जाहीर केलं की यंदाच्या दिवाळी फराळाला कॉलिनसान प्रमुख पाहुणे असतील आणि ते गाणं सर्वांना मोठ्या स्पीकरवर ऐकवलं जाईल.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सत्यजित गाडी चालवत होता, शेजारी कॉलिन होता आणि मागे मेधा मांडीवर चिवड्याचा डबा धरून बसली होती. सत्यजित म्हणजे मेधाचा नवरा, धातूंवर संशोधन करणारा, अतिशय सभ्य माणूस. इतका सभ्य, की त्याच्याशी भांडायचं तर आधी अपॉइंटमेंट घ्यावी असं वाटायचं. रात्री घरी यायचा, जेवायचा, ‘छान झालंय’ म्हणायचा आणि लॅपटॉप उघडायचा. काहीही सांगा, ‘अरे वा’ म्हणायचा. कॉलिननं खिशातून नवी कोरी सीडी काढून दाखवली, तेव्हाही तो ‘अरे वा’च म्हणाला.

कॉलिन खुशीत होता. त्यानं समजावून सांगितलं की जपानी कंपन्यांना नेहमी एक जास्तीचं गाणं लागतं. बाहेरून आलेली सीडी इथे स्वस्त पडते, म्हणून इथल्या आवृत्तीत काहीतरी ज्यादा असलं तरच लोक ती घेतात. त्याच्याकडे तर द्यायला काही उरलं नव्हतं. तेव्हा त्याला बाल्कनीतलं ते जुनं रेकॉर्डिंग सापडलं. हे गाणं इंटरनेटवरसुद्धा नाही, फक्त याच सीडीवर आहे, असं तो मोठ्या अभिमानानं म्हणाला.

सत्यजितनं विचारलं की मेधानं कुठलं गाणं म्हटलंय.

कॉलिन म्हणाला, छे, गाणं कुठलं? ती बोलतेय. बाल्कनीत उभी राहून टेलिफोनवर.

मेधानं चिवड्याचा डबा मांडीवरून बाजूला ठेवला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक रोग जडतो. ‘इथे आपलं कोणाला कळतंय’ हा तो रोग. टोकियोच्या तोझाई लाइनवर ट्रेनच्या डब्यात समोर बसलेल्या गृहस्थाचा विग खरा आहे की खोटा यावर आपण त्याच्याकडे बघत बघत चर्चा करतो. मेधाला हा रोग जास्तच जडला होता. रोज दुपारी ती बाल्कनीत उभी राहून सांगलीला बहिणीला, दिपालीला, फोन लावायची आणि घरात नेटवर्क बरं नसल्यामुळे म्हणा किंवा सवयीनं म्हणा, चांगल्या खणखणीत आवाजात बोलायची. मंडळात कोणी काय घातलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, सगळं. सत्यजितबद्दलही. घरातून जे बोलता येत नाही ते बाल्कनीतून बोललं जायचं, कारण बाल्कनीत ऐकायला होतं कोण? एक वाळत घातलेला फुतोन, म्हणजे जपानी गादी, आणि खालचा इंग्रज.

‘कधीचं रेकॉर्डिंग आहे?’ तिनं मागून शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

कॉलिन म्हणाला, मागच्या नोव्हेंबरचं. तुझ्या बाल्कनीत ते छोटे दिवे लावले होतेस ना, त्यानंतरचं.

म्हणजे मागच्या दिवाळीचं. मेधानं डोळे मिटून आठवायला सुरुवात केली. मागची दिवाळी वाईट गेली होती. पाडव्याला ती साडी नेसून ताट घेऊन बसली होती आणि सत्यजितचा प्रयोग लांबला होता. तो आला, सॉरी म्हणाला, ओवाळून घेतलं आणि आंघोळीला गेला. त्या आठवड्यात कधीतरी ती दिपालीला म्हणाली होती, ‘माझं चुकलंच गं. लग्न करायलाच नको होतं याच्याशी.’ म्हणाली होती हे नक्की. कोणत्या दिवशी म्हणाली, त्याच फोनवर की दुसऱ्या, हे काही केल्या आठवेना. ते वाक्य जर या सीडीत असेल, तर आज दुपारी टोकियोत फुनाबोरीला, मंडळाच्या फराळात, पन्नास माणसांसमोर मोठ्या स्पीकरवरून ते सत्यजितच्या कानावर पडणार होतं. मंडळाबद्दल जे काही बोलली असेल ते तिनं निस्तरलं असतं. हे निस्तरता येणारं नव्हतं.

गाडीत सीडी प्लेअर होता. आत्ता लाव म्हटलं असतं तर सगळं कळलं असतं, पण तेव्हाच सत्यजितलाही कळलं असतं.

पुढे कॉलिन आनंदानं सांगत होता की शब्द कळत नाहीत म्हणूनच त्याला ते इतकं आवडलं. ती हसते, चिडते, कुजबुजते, सगळं आहे त्यात. रेकॉर्ड कंपनीनं विचारलं होतं की यात काही आक्षेपार्ह तर नाही ना. तो म्हणाला, मी सांगितलं, अजिबात नाही, ती फार मृदू स्वभावाची बाई आहे.

सत्यजितनं आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाला, ‘अरे वा.’

फुनाबोरीच्या सभागृहात पोचल्या पोचल्या मेधानं स्वरूपाला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं की ते गाणं लावू नकोस, मला कसंतरी होतंय. स्वरूपा त्या वेळी हिशेबानं करंज्या मांडत होती. तिनं वर न बघता सांगितलं की लाजू नकोस, एवढं नाव काढलंस, आणि आता असल्या नाटकाला मला वेळ नाही. मेधानं सीडी पळवायचा विचारही केला, पण ती कॉलिनच्या कोटाच्या आतल्या खिशात होती, आणि परक्या पुरुषाच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घालण्याइतकी ती अजून धीट झाली नव्हती.

मग तिला आशेचा एक किरण दिसला. सभागृह पाचला रिकामं करायचं होतं. आणि जपानमध्ये पाच म्हणजे पाच. सव्वापाच नाही, ‘आवरतंच आलंय’ नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना तिथले रखवालदार आजोबा दारात येऊन उभे राहायचे आणि एकेक मिनिटाला कमरेतून वाकून माफी मागायचे. ओरडणाऱ्या माणसाला मराठी माणूस दाद देत नाही, पण वाकणाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. मंडळाचा कार्यक्रम आजवर एकदाही वेळेत संपला नव्हता. दर वर्षी शेवटचे दोन कार्यक्रम गुंडाळले जायचे. गाणं तर सगळ्यात शेवटी होतं. म्हणजे नुसता आपला परंपरेवर विश्वास ठेवायचा आणि तिला थोडा हातभार लावायचा.

मेधा थेट सदानंदकाकांकडे गेली. सदानंदकाका गेली वीस वर्षं जपानात होते आणि जपान व महाराष्ट्र यांच्यातलं साम्य हा त्यांचा विषय होता. ‘काका,’ ती म्हणाली, ‘तुम्ही आज तुमचं पूर्ण भाषण करा. मागच्या वर्षी तुम्हाला आवरतं घ्यायला लावलं, फार वाईट वाटलं.’ काकांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना जास्त बोलायला सांगत होतं. त्यांनी मेधाच्या डोक्यावर हात ठेवला. मेधाला वाटलं, वाचले.

आणि हा गृहस्थ चार मिनिटांत खाली बसला. म्हणाला, आज आपल्यामध्ये इंग्लंडहून पाहुणे आले आहेत, ती माणसं वेळेची पक्की, तेव्हा मी त्यांचा वेळ घेणार नाही. सभागृहात असा काही टाळ्यांचा कडकडाट झाला की मुलं दचकली. कार्यक्रम चक्क वेळेच्या पुढे पळायला लागला. मंडळाच्या इतिहासात असं घडलं नव्हतं आणि घडायला दिवस सापडला तो हा.

मुलांचा नाच झाला तशी मेधानं जोरात ‘वन्स मोअर’ दिला. पुढे उभा असलेला स्वरूपाचा मुलगा घामाघूम झाला होता. त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाला, ‘यादा.’ म्हणजे नाही, मला नको. इथे वाढलेली पोरं मराठीत आढेवेढे घेतात आणि जपानीत नाही म्हणतात. मग भानुदासरावांचं गाणं झालं. भानुदासराव दर कार्यक्रमात गायचे आणि थांबायचे नाहीत, पण आज त्यांचा घसा बसला होता. सगळे सुटकेचा निःश्वास टाकत असताना मेधा एकटीच त्यांना गरम पाण्याचा पेला देत होती आणि अजून एक म्हणा ना, असं काकुळतीला येऊन सांगत होती. भानुदासराव हेलावले, पण आवाज काही फुटला नाही.

सव्वाचारला स्वरूपानं कॉलिनचं नाव पुकारलं. कॉलिन उठला, वाकला, दोन वाक्यं बोलला आणि सीडी सरकवली.

सुरुवातीला कचऱ्याच्या गाडीची ती धून आली, पण इतकी संथ केलेली की गाडीला कुठे जायचंच नसावं. मग बाटल्या किणकिणल्या. मग खालून एक गंभीर घुमारा उठला आणि त्यावर मेधाचा आवाज आला, अगदी स्वच्छ, प्रत्येक शब्द कळेल असा. ‘अगं कसला फराळ आणि कसलं काय,’ मेधा म्हणाली. ‘सदानंदकाकांचं भाषण सुरू झालं तेव्हा बटाटे शिजत घातले असते ना, तर भाजी होऊन, जेवणं होऊन, भांडी घासून झाली असती. मी मधे बाथरूमला जाऊन आले. अजून चालूच.’

कॉलिनला हे शेवटचे शब्द आवडले असावेत, कारण त्यानं ते पुन्हा पुन्हा फिरवले होते. अजून चालूच, अजून चालूच, अजून चालूच, कधी डाव्या स्पीकरमधून, कधी उजव्या. हे थांबेचना. सदानंदकाका पहिल्या रांगेत पुतळ्यासारखे बसले होते. मग मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तो आवाज बरोबर स्वरूपाचा होता.

तिला जास्त वेळ हसता आलं नाही. बाटल्या पुन्हा किणकिणल्या आणि मेधा म्हणाली, ‘आणि चकल्या? घरच्या म्हणून सांगत होती स्वरूपा. अगं, दुकानातल्या पिशवीचा रबर तसाच डब्यात होता. मी खाल्ला असता जवळजवळ. आणि वर मला म्हणते, भाजणी सासूबाईंच्या हातची.’ स्वरूपाचा चेहरा पडला. आता सदानंदकाका हसायला लागले, आणि त्यांचं हसू थांबेना, पंच्याच्या कडेनं डोळे पुसावेत तसे ते पेपर नॅपकिननं पुसत होते. मग भानुदासरावांची पाळी आली. ते गायला लागले की शेजारच्या इमारतीतली जपानी माणसं भूकंपात घेऊन पळायची पिशवी शोधायला लागतात, असं मेधानं दिपालीला सांगितलं होतं. यावर स्वरूपा इतकी मोठ्यानं हसली की तिचा स्वतःचा राग निम्मा तिथेच गेला असावा. ज्याच्यावर पाळी येई तो गोरामोरा होई आणि लगेच दुसऱ्याची वाट पाहायला लागे. कॉलिनला यातलं काही कळत नव्हतं. आपलं संगीत लोकांच्या इतकं काळजाला भिडतंय हे पाहून तो कृतार्थ झाला होता.

मेधा मात्र भिंतीला टेकून उभी होती. तिचं लक्ष सत्यजितकडे होतं. तो खिडकीजवळ बसला होता, हातावर हात ठेवून, आणि पेपर तपासावा तसं लक्ष देऊन ऐकत होता. हसत नव्हता. प्रत्येक वाक्य संपलं की मेधाला वाटायचं, आता येणार. आता पुढचं तेच.

घुमारा हळूहळू विरला. थोडा वेळ नुसता वारा आणि दूरवरचा एक कावळा. पलीकडून दिपाली काहीतरी विचारत असणार, पण फोनमधला तिचा आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचला नव्हता. मग मेधाचा आवाज आला. मघाचा नव्हे. खालचा, सपाट, जेवण झाल्यावर ताट उचलून ठेवताना येतो तसा.

‘तो? बरा आहे.’

एवढंच. आणि कॉलिननं नेमके तेच शब्द उचलले होते. बरा आहे. बरा आहे. मागचं सगळं संगीत त्यानं काढून टाकलं होतं आणि फक्त ते दोन शब्द ठेवले होते, दर वेळी थोडे आणखी लांबून, आणखी पुसट. बरा आहे. बरा आहे. लोक अजून मघाच्या हसण्यातून सावरत होते, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. भानुदासराव तर मांडीवर हलका ताल धरून होते. गाणं संपलं आणि टाळ्या पडल्या.

ते वाक्य आलं नव्हतं. मेधा समोरच्या खुर्चीत बसली. सुटले, एवढंच तिला वाटलं.

पुढचा अर्धा तास तिनं माफी मागण्यात घालवला आणि तो तिला सणासारखा वाटला. सदानंदकाका म्हणाले की भाषण लांबलं होतं हे मला मान्य आहे, पण बटाट्याचा हिशेब जरा जास्तच आहे. भानुदासरावांनी सीडीवर कॉलिनची सही घेतली आणि आपण नेमके कितव्या मिनिटाला येतो ते विचारून घेतलं. स्वरूपा चिडली होती आणि तिनं ते सरळ सांगितलं. ‘दोन वर्षं मी तुला बहीण मानलं,’ ती म्हणाली, ‘आणि तू माझा रबर काढलास.’ मेधानं हात जोडले. मग स्वरूपानं शिक्षा सुनावली. पुढच्या दिवाळीला पन्नास माणसांच्या चकल्या मेधानं करायच्या, घरी, आणि भाजणीसकट. मेधा कबूल झाली. दारात रखवालदार आजोबा वाकायला लागले आणि सगळे आपापले डबे शोधायला लागले.

सत्यजित खुर्च्या घड्या करून भिंतीशी लावत होता. त्यानं सगळ्या लावल्या, दुसऱ्यांच्या वाटणीच्याही.

कॉलिनला संध्याकाळी शिबुयातल्या एका दुकानात सह्या द्यायच्या होत्या, म्हणून तो ट्रेननं गेला. जाताना त्यानं मेधाचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की तो शेवटचा भाग त्याला सगळ्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त आवडतो. तिथे काय बोललीस मला ठाऊक नाही, तो म्हणाला, पण ते ऐकलं आणि मला वाटलं, आता अल्बम झाला. मेधानं थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या रस्त्यावर मेधा पुढे बसली. एक्सप्रेसवेला लागेपर्यंत सत्यजित काही बोलला नाही. त्यात विशेष काही नव्हतं, तो एरवीही बोलायचा नाही. मेधाच आपली सदानंदकाकांची नक्कल करत होती, चकल्यांच्या भाजणीला काय काय लागेल ते मोजत होती, आणि मनातून इतकी हलकी झाली होती की उगीच हसू येत होतं.

‘तो म्हणजे मी ना?’ सत्यजित म्हणाला.

मेधाला आधी कळलं नाही. मग कळलं. दिपालीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं होतं मागच्या वर्षी, त्यांच्याबद्दल होतं ते, असं सांगता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं.

‘हो,’ ती म्हणाली.

‘दिपालीनं काय विचारलं होतं?’

‘सत्यजित कसा आहे, म्हणून.’

त्यानं मान हलवली. समोर एक मोठा ट्रक होता, त्याच्या मागे तो नियमाप्रमाणे अंतर ठेवून चालला होता. ‘ऐकताना मला घाम फुटला होता,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, सदानंदकाकांचं झालं, स्वरूपाचं झालं, आता माझं येईल. सगळ्यांसमोर येईल. मी तयारी करत होतो मनाची, की हसायचं, खेळीमेळीनं घ्यायचं.’ समोरच्या ट्रकनं वेग कमी केला, तसा त्यानंही केला. ‘काकांना तू दीड मिनिट दिलंस, मेधा. चकल्यांना एक मिनिट दिलंस. मला दोन शब्द. आणि तेही कॉलिननं ताणले म्हणून कळले.’

त्याच्या आवाजात काहीतरी होतं, जे मेधानं लग्नाच्या इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. तो चिडला होता का? दुखावला होता. सकाळपासून ती ज्या वाक्याला घाबरत होती, ते ऐकूनही त्याला इतकं लागलं नसतं, हे तिला तिथे त्या सीटवर बसल्या बसल्या समजलं, आणि लाज वाटली, आणि रागही आला. त्याचाच राग आला. एवढं कळत होतं तर इतके दिवस कुठे होता हा माणूस?

‘काहीतरी असेल ना,’ सत्यजित म्हणाला. ‘डब्यातला रबरसुद्धा दिसतो तुला. माझ्यात काहीच दिसलं नाही?’

‘दिसलं.’

‘मग मलाही दे की दीड मिनिट.’

‘दीड मिनिटात नाही व्हायचं ते.’

सत्यजितनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि वाटेतल्या मोरियाच्या सर्व्हिस एरियात, म्हणजे थांब्यावर, गाडी घेतली. खाण्याच्या दुकानांसमोर गर्दी होती, म्हणून तो पार टोकाला गेला, जिथे ट्रकवाले झोपतात, आणि तिथे गाडी उभी करून इंजिन बंद केलं. फोन खिशातून काढून मागच्या सीटवर टाकला. मग पट्टा सोडून तिच्याकडे वळून बसला.

‘वाईट असलं तरी बोल,’ तो म्हणाला.

‘वाईटच आहे,’ मेधा म्हणाली, आणि पाडव्यापासून सुरुवात केली.